स्विच हँडवर आहे

आमच्या सोसायटीत पहाटे पाच-सव्वापाचला डी विंगच्या मागे पाणी पडायचा आवाज यायचा. आधी पार्किंगच्या पत्र्यावर, मग खाली पेव्हर ब्लॉकवर. मी चौथ्या मजल्यावर राहते आणि कितीतरी महिने मला तो आवाज म्हणजे सकाळ झाली एवढंच वाटायचं, दूधवाल्याच्या बाईकसारखा, त्याच्याकडे वेगळं लक्ष द्यावं असं कधी मनातच आलं नाही. मग मार्चमध्ये मुलीची दहावी होती, मी साडेचारला उठून तिला चहा करून द्यायचे आणि ती वाचत बसली की गॅलरीत उभी राहायचे, तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की पंप सुरू होण्याचा एक आवाज असतो आणि पाणी पडायला लागण्याचा दुसरा, आणि पाणी पडायला लागल्यावरही पंप बराच वेळ चालूच असतो. मी घड्याळ लावून बघितलं. पहिल्या दिवशी अडतीस मिनिटं, दुसऱ्या दिवशी पंचेचाळीस, तिसऱ्या दिवशी चाळीस. संध्याकाळी परत तेच.

टाकी भरलेली, पंप चालू, आणि वर चढवलेलं पाणी तसंच खाली.

चौथ्या दिवशी मी पंप रूममध्ये गेले. पंपाच्या पॅनलवर एक गोल स्विच असतो, तीन खुणांचा, हँड, ऑफ आणि ऑटो. ऑटोवर असला की टाकीतला फ्लोट, म्हणजे पाण्याची पातळी ओळखणारा तरंगता स्विच, सांगेल तसा पंप चालू-बंद होतो, हँडवर असला की माणूस बंद करेपर्यंत चालत राहतो. आमचा हँडवर होता आणि कुणी चुकून फिरवू नये म्हणून त्यावर काळी इन्सुलेशन टेप लावलेली होती, आडवी-उभी दोन पट्ट्या. टेपच्या कडा धुळीने पांढऱ्या झालेल्या, म्हणजे बरीच जुनी.

वॉचमनकाकांना विचारलं तर म्हणाले, दोन वर्षं झाली. गणपतीत फ्लोट अडकला, पंप लागलाच नाही, ए आणि बी विंगला सकाळी पाणी नाही, घरोघरी पाहुणे, आणि सगळी सोसायटी गेटवर. तेव्हापासून ते घड्याळ बघून पंप लावतात आणि डी विंगच्या मागे पाणी पडायला लागलं की टाकी भरली असं समजून बंद करतात. फक्त त्याच वेळी गेटवर दूध, पेपर, स्कूल बस, कुणाची ओला, कुणाची गाडी मागे-पुढे करायची, त्यामुळे आवाज आला तरी लगेच जाता येत नाही. मग ते जे बोलले ते मी अजून विसरलेले नाही. म्हणाले, "मॅडम, एक दिवस पाणी नाय आलं तर वरचे सगळे माझ्यावर येतात. पाणी सांडलं म्हणून आजपर्यंत मला कोण बोललं नाय."

मी वर आले आणि कागद घेऊन बसले. आमचा पंप साडेसात एचपीचा, तासाला साधारण सहा युनिट खातो. दिवसातून दोनदा चाळीस मिनिटं म्हणजे एक तास वीस मिनिटं, म्हणजे आठ युनिट, म्हणजे वर्षाला २,९०० च्या वर युनिट. आपल्या देशाच्या ग्रिडमधली एक युनिट वीज तयार होताना सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण अजून बहुतेक वीज कोळशाचीच आहे. म्हणजे आमचा एक पंप, एका सोसायटीचा, काहीही काम न करता वर्षाला दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडत होता. एक लिटर पेट्रोल जाळलं की २.३ किलो निघतो, त्या हिशेबाने हे पावणेनऊशे लिटर पेट्रोल झालं. आणि हे पाणी काही आपोआप सोसायटीत आलेलं नाही. ठाण्याचं पाणी भातसा आणि उल्हास नदीतून येतं, पिसे आणि शहाडला उचलतात, टेमघरला शुद्ध करतात, मग इथे. तिथेही पंप आहेत, तिथेही वीज आहे, तो हिशेब मी धरलेलाच नाही.

मला हे इतकं लागलं त्याला कारण आहे. मी ऐरोलीत एका आयटी पार्कात बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टिम बघते, बारा वर्षं झाली. सोप्या भाषेत सांगायचं तर मोठ्या बिल्डिंगमध्ये एसीचे चिलर म्हणजे पाणी गार करणारी मशीन, पंप, हवा फेकणारे पंखे म्हणजे एएचयू, पार्किंगचे दिवे, लिफ्टची लॉबी, सगळ्याला सेन्सर असतात आणि ते सगळं एका कंट्रोल रूममध्ये चार स्क्रीनवर दिसतं. कुठल्या मजल्यावर किती तापमान, कुठला पंखा किती हर्ट्झवर, म्हणजे किती वेगाने, कुठला व्हॉल्व्ह किती उघडा. कोणी मजल्यावर नसेल तर पंखा आपोआप हळू व्हायला पाहिजे, शनिवारी बंद व्हायला पाहिजे, बाहेर पाऊस पडून गार झालं तर चिलरने कमी काम करायला पाहिजे. हे सगळं करायची अक्कल सिस्टिममध्ये आहे, त्यासाठी मालकाने भरपूर पैसे मोजलेले आहेत, उद्घाटनाच्या दिवशी स्क्रीनवर ते सगळं सुंदर हिरवं दिसत होतं.

आणि आमच्या स्क्रीनवर ज्या मशीनला कुणीतरी ऑटोमधून काढून हातात घेतलंय, त्याच्यापुढे एक छोटा पंजा दिसतो. मी या कामावर आले त्या आठवड्यात मोजायला बसले होते तर निम्म्याहून जास्त पंख्यांपुढे पंजा. कारण विचारलं की प्रत्येकाचं वेगळं आणि प्रत्येकाचं एकच. सहाव्या मजल्यावरून फोन आला, गरम होतंय. ऑपरेटर नवीन पोरगा, रात्रपाळीचा, समोरचा मॅनेजर चिडलेला, मग पंखा हँडवर घेतला आणि फुल्ल केला. दहा मिनिटांत गार झालं, फोन बंद झाला, विषय संपला. पंखा मात्र तसाच, आठवडे, महिने, शनिवारी-रविवारी रिकाम्या खुर्च्यांना वारा घालत. त्या पोराला दोष द्यावा असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. गरम झालं की माणूस फोन करतो. वाया जाणाऱ्या विजेला फोन करता येत नाही.

इथे एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण आमच्या धंद्यातली ही मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आहे आणि बाहेर फारशी कुणाला माहीत नसते. पंखा किंवा पंप जितका फिरतो तितकी वीज खातो असं आपल्याला वाटतं, म्हणजे वेग वीस टक्के कमी केला तर वीज वीस टक्के वाचेल. तसं नाहीये. त्याची वीज वेगाच्या घनाने वाढते. म्हणजे पन्नास हर्ट्झवरचा पंखा चाळीसवर आणला, वेग ऐंशी टक्के झाला, तर वीज ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ५१ टक्के. वेग फक्त पाचवा हिस्सा कमी केला आणि वीज जवळजवळ निम्मी झाली! प्रत्यक्षात थोडं इकडेतिकडे होतं पण तत्त्व हेच. आणि मजल्यावर बसलेल्या माणसाला चाळीस आणि पन्नासमधला फरक बहुतेक वेळा कळतही नाही. वेग कमी-जास्त करणारी ड्राइव्ह लावलेली असते, सेन्सर लावलेला असतो, हे गणित करणारा कंट्रोलर लावलेला असतो, आणि तरी ते निम्मी वीज वाचवणं एका पंजापाशी येऊन अडतं. तसंच थर्मोस्टॅटचं. २०२० पासून आपल्याकडे विकले जाणारे घरगुती एसी चालू केल्यावर २४ अंशावर यायला हवेत असा नियम आहे, आणि ऊर्जा बचतीचं काम बघणारी बीईई म्हणते की सेटिंग एक अंश वर नेलं की साधारण सहा टक्के वीज वाचते. एसी चोवीसवर चालू होतो. मग हात पुढे येतो आणि अठरा करतो.

गूगलने २०१६ मध्ये सांगितलं होतं की त्यांनी आपल्याच डीपमाइंड या एआय कंपनीचं मशीन लर्निंग वापरून आपल्या डेटा सेंटरमधली कूलिंगला लागणारी वीज ४० टक्क्यांपर्यंत कमी केली. आमच्या लाईनमध्ये तेव्हा सगळे तेवढंच बोलत होते. मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते दोन वर्षांनी आलं, २०१८ मध्ये. आधीची सिस्टिम फक्त सल्ला द्यायची, हा व्हॉल्व्ह एवढा करा, तो पंप तेवढा करा, आणि ऑपरेटरने ते तपासून हाताने करायचं. ऑपरेटर म्हणाले, हे फार होतंय, प्रत्येक सल्ला बघून अमलात आणायचा म्हणजे आमचाच दिवस जातो. मग त्यांनी कंट्रोल थेट मशीनकडे दिला, पण हद्दी घालून, आणि ऑपरेटरला कधीही बाहेर पडून साध्या पद्धतीवर जायची मुभा ठेवून. हे वाचलं तेव्हा मला आमच्या कंट्रोल रूममधला तो पोरगाच दिसला. जगातल्या इतक्या मोठ्या कंपनीलाही शेवटी त्याच स्विचचा विचार करावा लागला, हँड की ऑटो, आणि मध्ये गडबड झाली तर कुणाला बोलणार.

ती टेप बघितल्यापासून मला ठाण्यात जिकडेतिकडे तो पंजा दिसायला लागला.

रोज घोडबंदर रोडवरून स्टेशनला येते. वाटेत एक नाका आहे, तिथे सिग्नल आहे, कॅमेरे आहेत, खांबावर कंट्रोलरची पेटी आहे, आणि गर्दीच्या वेळी बऱ्याचदा सिग्नल नुसता पिवळा लुकलुकत असतो आणि एक हवालदार भर उन्हात हाताने गाड्या सोडत असतो. मी त्यांना चुकीचं म्हणणार नाही, मेट्रोच्या खांबांमुळे लेन बदलत राहतात, सर्व्हिस रोडची गर्दी मध्येच घुसते, उलट्या बाजूने बाईक येतात, त्या पेटीतल्या टायमिंगला यातलं काही ठाऊक नसतं. पण उभ्या गाड्यांचं काय होतं ते बघा. पेट्रोलची गाडी नुसती उभी राहून इंजिन चालू ठेवलं की तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल पिते, एसी लावला की आणखी. सिग्नलला उभ्या असलेल्या दोनशे गाड्या म्हणजे दोनशे भरलेल्या टाक्यांवर चालू ठेवलेले दोनशे पंप.

स्वतः टायमिंग बदलणारे सिग्नल काही नवे नाहीत. सिडनीची स्कॅट्स आणि ब्रिटनची स्कूट या दोन्ही सिस्टिम १९७० च्या दशकातल्या. रस्त्याच्या पोटात तारेचं वेटोळं पुरायचं, वरून गाडी गेली की त्याला कळतं, त्यावरून कॉम्प्युटर ठरवतो की या बाजूला अजून आठ सेकंद हिरवा द्यायचा की नाही. सुंदर कल्पना आहे. पण ते वेटोळं डांबराच्या खाली असतं, आणि डांबर खरवडून नवीन टाकताना, केबलसाठी खोदताना ते तुटतं. तुटलं की सिग्नल गुपचूप ठरलेल्या टायमिंगवर जातो, त्याची काही तक्रार येत नाही, दिवे तर लागतच असतात. म्हणूनच मला गूगलचा ग्रीन लाइट नावाचा प्रयोग इंटरेस्टिंग वाटतो, आपल्याकडे बंगळुरू, हैदराबाद आणि कोलकात्यात तो झालाय. रस्त्यात काही पुरायचं नाही, मॅप्स वापरणाऱ्यांच्या फोनवरून गाड्या कुठे थांबतात ते कळतं, आणि शहराच्या ट्रॅफिक इंजिनिअरला सांगितलं जातं की अमुक सिग्नल एवढे सेकंद आधी सोडा. थांबे ३० टक्क्यांपर्यंत आणि नाक्यावरचं उत्सर्जन १० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतं असं कंपनी म्हणते. आकडा कंपनीचा स्वतःचा आहे, तेव्हा तो तेवढ्याच वजनाने घ्यायचा. पण इथेही सल्लाच आहे, टायमिंग बदलणारा हात इंजिनिअरचाच.

रस्त्यावरच्या दिव्यांचं तर फारच सोपं आहे. आपल्याकडे डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य संध्याकाळी सहाला मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सव्वासात-सात वीसला. थंडीत लावलेला टायमर कुणी बदलला नाही तर पावसाळ्यात संध्याकाळी तासभर उजेडातच दिवे जळतात. तारखेप्रमाणे सूर्योदय-सूर्यास्ताचं गणित करणारा टायमर आमच्या सोसायटीनेही बसवलाय, तळहाताएवढी वस्तू. एलईडीने अर्धं काम केलंय, उरलेलं अर्धं या वेळेत आहे. यावर जास्त काही सांगण्यासारखं नाही, ते करून टाकायचं एवढंच.

पण डिजिटल म्हटलं की कार्बन कमीच होतो असं मात्र नाही, आणि हे मी माझ्या डोळ्यासमोर बघितलंय. ठाणे स्टेशनला सॅटिसच्या, म्हणजे बससाठी बांधलेल्या उंच डेकच्या, खाली शेअर रिक्षाची लाईन असते. तीन सीट भरल्याशिवाय रिक्षा हलत नाही, रिक्षावाले दादा "एक सीट, एक सीट" ओरडत असतात, आपण घामाघूम होऊन तिसऱ्या माणसाची वाट बघत बसतो. या पद्धतीत एकही चक्कर रिकामी जात नाही. कुठला सर्व्हर नाही, कुठला मॅप नाही, आणि तरी जगातल्या कुठल्याही वाहतूक तज्ज्ञाने बघायला यावं असं हे आहे. त्याच स्टेशनबाहेर ॲपची गाडी एका माणसासाठी तीन किलोमीटर रिकामी येते, त्याला सोडते, पुढच्यासाठी परत रिकामी जाते. अमेरिकेतल्या युनियन ऑफ कन्सर्न्ड सायंटिस्ट्स या संस्थेने २०२० मध्ये तिथला हिशेब मांडला होता, ॲपवरच्या गाड्यांच्या फेऱ्या त्यांनी ज्या फेऱ्यांची जागा घेतली त्यांच्यापेक्षा सरासरी ६९ टक्के जास्त उत्सर्जन करतात, एक कारण ही रिकामी धाव आणि दुसरं म्हणजे जी माणसं बसने किंवा चालत गेली असती तीही गाडीत बसली. मी स्वतः पाऊस असला की ॲपची गाडी मागवते, म्हातारी माणसं बरोबर असली तर मागवायलाच लागते. पण बस कुठे आहे हे फोनवर नक्की कळलं, दहा मिनिटांत येतेय असं दिसलं आणि खरंच दहा मिनिटांत आली, तर माणूस थांबतो. कळलं नाही तर पाचव्या मिनिटाला त्याचा धीर सुटतो. बसमध्ये जीपीएस आहे की नाही यापेक्षा ती दाखवलेली बस खरी असते की नाही, याच्यावर सगळं उभं आहे.

आणि रस्ता मोकळा झाला की मोकळा राहत नाही, आणखी गाड्या येतात. स्टॉकहोमने २००६ मध्ये शहराच्या आतल्या भागात गाडी आणायला पैसे लावून बघितले, कॅमेऱ्याने नंबर प्लेट वाचायची आणि बिल पाठवायचं. आत-बाहेर होणारी वाहतूक साधारण २० टक्क्यांनी कमी झाली, २००७ पासून ते कायमचं झालं. कॅमेरा तिथेही होता, इथेही आहे. तिथे कॅमेऱ्याच्या मागे लोकांनी मिळून घेतलेला एक निर्णय होता.

ठाण्याच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून ट्रान्स-हार्बर लोकल पकडली की दिघा गाव, मग ऐरोली. ही लोकल माझ्या दिवसातला सगळ्यात कमी कार्बनचा भाग, आणि त्यातही नवीन मोटरच्या गाड्या ब्रेक लावताना मोटरचाच जनरेटर करतात आणि वीज परत वरच्या तारेत सोडतात, मागून येणाऱ्या गाडीला ती मिळते. ऐरोली येताना दाराशी उभं राहिलं की तो वेग कमी होताना एक बारीक सूर ऐकू येतो. मला तो फार आवडतो. हे काम इलेक्ट्रॉनिक्स करतं, मोटरमन फक्त ब्रेक लावतो, त्याला वेगळं काही ठरवावं लागत नाही. इथे हँडचा प्रश्नच ठेवलेला नाही.

पुढे रबाळे, महापेच्या बाजूला डेटा सेंटर उभी आहेत, खिडक्या नसलेल्या मोठ्या पेट्यांसारख्या, गच्चीवर कूलिंगच्या मशीनची रांग. आपला सगळा डिजिटल कारभार, ते सिग्नलचे कॅमेरे, माझ्या ऑफिसचे ग्राफ, मुलीचे ऑनलाइन क्लास, अशाच कुठल्यातरी पेटीत राहतं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या, म्हणजे आयईएच्या हिशेबाने २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरनी साधारण ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, जगाच्या एकूण विजेच्या दीड टक्का, आणि २०३० पर्यंत ती दुपटीहून जास्त होईल असा त्यांचा अंदाज आहे. स्टॉकहोममध्ये काही डेटा सेंटरची उष्णता पाइपने घरं गरम करायला नेतात. आपल्याकडे मे महिन्यात ती कुणाला द्यायची? ती गच्चीवरून आकाशात जाते आणि ठाणे-बेलापूर रोडवर उभ्या माणसाच्या अंगावर येते. म्हणून प्रत्येक गोष्टीला सेन्सर लावा, प्रत्येकाचा व्हिडिओ साठवा, ही घाई मला पटत नाही. जो आकडा बघून कुणी काहीच करणार नाही, तो गोळा करणं हासुद्धा भरलेल्या टाकीवर चालू ठेवलेला पंपच आहे.

तर सोसायटीचं सांगत होते. मे महिन्याच्या मीटिंगमध्ये मी तो कागद घेऊन गेले. सेक्रेटरी काका म्हणाले फ्लोट मागेही लावला होता, फुकट गेला. बरोबरच होतं त्यांचं, म्हणून मी म्हटलं फ्लोट एक नाही, दोन लावू, एक बिघडला तर दुसरा, आणि टाकी पाव भरलेली असतानाच फोनवर मेसेज येईल असं छोटं युनिट लावू. दुसरं मागितलं ते वेळापत्रक. टाकी ही आपली बॅटरीच आहे, तिच्यात पाणी कधी भरायचं हे आपल्या हातात आहे, तर मग संध्याकाळी सातला कशाला, जेव्हा ग्रिडवर सगळ्यात जास्त ताण असतो आणि सूर्य गेलेला असतो? दुपारी अकरा ते तीनमध्ये भरू, तेव्हा ग्रिडमध्ये सोलरची वीज असते. केंद्र सरकारने २०२३ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम बदलले त्यात स्मार्ट मीटरवाल्यांना दिवसाच्या सोलर तासांत नेहमीपेक्षा स्वस्त वीज द्यायचं आहेच. स्मार्ट मीटरचं नाव काढल्यावर मीटिंग तापली, आमच्याकडे त्यावर आधीच दोनदा वाद झालेत, बिल वाढेल अशी लोकांना खरी भीती आहे आणि मीटर लावणाऱ्यांनी ती भीती बसून, वेळ देऊन काढायला पाहिजे होती असं माझं स्पष्ट मत आहे. तो विषय मी तिथेच सोडला. पंपाची वेळ बदलायला कुणाची हरकत नव्हती.

तिसरी गोष्ट मी मागितली ती सगळ्यात कठीण गेली. ऑटोवर असताना पाणी गेलं तर वॉचमनकाकांना कुणीही बोलायचं नाही. फोन मला करायचा. मिनिट्समध्ये लिहून घ्या म्हटलं. एक-दोन जण म्हणाले, हे काय लिहायचं असतं का. मी म्हटलं, दोन वर्षांपूर्वी लिहिलं असतं तर त्या स्विचवर टेप लागली नसती. शेवटी सेक्रेटरी काकांनी लिहिलं, त्यांच्या त्या तिरक्या अक्षरात, आणि सही केली.

काम जूनमध्ये झालं. टेप मी स्वतः काढली, खाली रंग नवा होता, ऑटो हे अक्षर अगदी कोरं. डी विंगच्या मागचा आवाज बंद झाला. पत्र्यावर शेवाळ धरलं होतं ते पावसानंतर वाळलं. पंपाचं मीटर मी रोज बघते, महिन्याला अडीचशे युनिटच्या आसपास कमी झालंय, कधी थोडं जास्त कधी कमी. ऑफिसमध्येही आता मी सोमवारी सकाळी पहिल्यांदा पंजेच मोजते, आणि ज्या मजल्याचा पंजा आहे तिथे स्वतः जाऊन विचारते की अजून गरम होतंय का. बऱ्याचदा तो फोन करणारा माणूस कधीच नोकरी सोडून गेलेला असतो.

ऑगस्टमध्ये एकदा पहाटे पाच चाळीसला फोन वाजला. वॉचमनकाका. मेसेज मलाही आला होता पण मी झोपेत होते. आदल्या दुपारी दोन तास लाईट नव्हती, टाकी पूर्ण भरलीच नव्हती, आता तळाला गेली होती, आणि पंप वेळेची वाट बघत गप्प उभा. फ्लोट ठीक होते, वेळापत्रक लिहिताना लाईट गेली तर काय, हे मी धरलंच नव्हतं, चूक माझी होती. बी विंगच्या आजी खाली येऊन उभ्या होत्या, मागे अजून दोघं-तिघं, मला फोनमध्ये त्यांचे आवाज येत होते.

काका म्हणाले, "मॅडम, पाणी संपलंय. हँडवर टाकू का?"

दोन वर्षं ते न विचारता टाकत होते.

"टाका," मी म्हटलं, "आणि तिथेच थांबा, मी खाली येते, भरली की दोघं मिळून परत ऑटोवर करू."

चप्पल घालून मी जिन्याने उतरले.